भुशाच्या भिंती

निमोणे, ५ नोव्हेंबर २००१
आज नव्या बिऱ्हाडात प्रवेश केला. वर्तमानपत्राने मला शिरूर तालुक्याचा वार्ताहर करून धाडले आणि सोपानरावांनी कांद्याच्या शेताकडेचे आपले नवे कोरे घर भाड्याने दिले. आमची प्रगती पहिल्या बाळंतपणाला दौंडहून येणार, म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना मी हौसेने लाकडी भुशाचे दाबीव बोर्ड ठोकून घेतले. सोपानराव म्हणाले, प्लास्टर काय वाईट हाय? मी त्यांना सौंदर्यदृष्टीवर प्रवचन दिले; ते त्यांनी तंबाखूबरोबर सोसले. खोलीला उग्र वास आहे. नवतेचा परिमळ, असे मी सविताला सांगितले. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या याहून वाईट व्याख्या ऐकल्या आहेत.

१९ नोव्हेंबर
प्रगती आली. त्या खोलीत तिचे डोळे चुरचुरतात, माझेही. दोघे समोरासमोर बसून डोळे पुसतो. पाहणाऱ्याला वाटेल, लेक आली नसून निघाली आहे.

२ डिसेंबर
नात झाली! बाळंतिणींना शेकणाऱ्या दगडाबाईंनी खोलीचा ताबा घेतला. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या, दाराला घोंगडी, खाटेखाली कोळशाची शेगडी. पुरुषमाणसाला सव्वा महिना उंबरा बंद. अस्मादिक हद्दपार.

७ डिसेंबर
प्रगती खोकते. बाळही. दगडाबाईंचे निदान एकच, वारा शिरला. म्हणून आणखी चिंध्या, आणखी कोळसे. खोकला वाढला. पुन्हा चिंध्या. न्यायशास्त्र मी शिकलो आहे, दगडाबाई शिकलेल्या नाहीत, म्हणून त्या जिंकतात.

१० डिसेंबर
गुऱ्हाळांच्या बातमीसाठी दोन दिवस राहू गावी होतो. डोळे निवळले, डोकेदुखी गेली. घरी परतलो आणि तासाभरात दोन्ही परत. बाळ दूध ओढत नाही, म्हणते सविता.

११ डिसेंबर, दुपार
शिरूरच्या डॉक्टरांनी विचारले, घरात नवे काय? मी बोर्ड सांगितले, जरा अभिमानानेच. त्यांनी पेन खाली ठेवले. बोर्डाच्या डिंकातून विषारी वायू सुटतो, उबेने जास्त. त्यात कोंडलेल्या खोलीत शेगडी; कोळशाचा वायू तर झोपेतच जीव घेतो. दोघींना आजच बाहेर काढा, म्हणाले.

संध्याकाळ
दगडाबाई उंबऱ्यावरून हलत नाहीत. “दादा, वारं लागून गेल्याली प्वारं म्या बघितल्यात. वासानं गेल्यालं येक बी न्हाई.”
सविताने मला बाजूला घेतले. आपला थोरला वाऱ्यानेच गेला, म्हणाली. तेव्हाही तुम्हीच खिडकी उघडली होतीत. उद्या सकाळी काढू.
मी उंबऱ्यावरून मागे फिरलो.

१२ डिसेंबर, सकाळ
खोकला थांबला. दोघींचाही.
दगडाबाई चहा पीत म्हणाल्या, “बघा. गुण आला.”
हाक मारली. ओ नाही. वारा नको म्हणून दगडाबाईंनीच रात्री प्रगतीला कडी आतून लावायला सांगितलेली —
सविता दार बडवते आहे. सोपानराव पहार आणायला पळाले. माझ्या खांद्याने दार हलेना. दुसरे काही करता येत नाही म्हणून लिहि —
पहार आली.
प्रगती, खोक. बाळा, एकदा फक्त खो —