दहापैकी किती

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. कारखान्याच्या शेडवरून पडलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. कमरेखालचं सगळं गेलं. उस्मानपुऱ्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला व्हीलचेअर शिकवली ती तुझ्यासमोरच. त्या म्हणाल्या, चाक ढकलताना किती जड जातंय ते तुझं तूच जोखायचं. शून्य म्हणजे नुसतं बसल्यासारखं, दहा म्हणजे आता जीव जातो. पाचाच्या आसपास राहायचं, दम लागला तरी बोलता आलं पाहिजे. तू पदर खोचून असं ऐकत होतीस, जणू परीक्षा तुझीच आहे.

दुसऱ्या दिवसापासून बजाजनगरच्या मैदानावर तू माझ्या शेजारी चालायला लागलीस. दर वळणावर विचारायचीस, "किती रं?" मी चिडून म्हणायचो, "तीन." असायचे आठ. "मग बोल की. काल काय जेवला?" माझा शब्द फुटायचा नाही, तेव्हा तू मागून खुर्ची धरायचीस. "मला खोटं सांग, छातीला नको सांगू. हळू घे. कुठं गाडी सुटायली?" एकदा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तुला काय कळतंय? तुझे पाय हायेत!" त्या दुपारी भाकरी थापताना तुझी पाठ माझ्याकडे होती. मी माफी मागितली नाही.

पाचव्या महिन्यात माझे हात तयार झाले. त्या सकाळी पहिल्यांदाच चौथी फेरी पूर्ण होणार होती. तू मागं पडत होतीस, मला वाटलं माझाच वेग वाढला. वळणावर मागं पाहतो तर तू विजेच्या खांबाला धरून उभी, तोंडानं श्वास घेतेस, दुसरा हात छातीवर. "काय झालं?" मी ओरडतो. तू हातानंच 'जा, जा' करतेस. बोलत नाहीस. बोलताच येत नाहीये तुला. म्हणजे दहापैकी किती, ते मला बरोबर कळलं होतं. पाच महिने मी तेवढंच तर शिकत होतो. तरी मी पुढं गेलो. फेरी पूर्ण केली. परत आलो तेव्हा तू घाम पुसत हसलीस, "झाली व्हय? लई भारी!" दवाखान्याचं मी नाव काढलं नाही. तू अंथरूण धरलंस तर मला मैदानावर कोण नेणार, एवढंच माझ्या मनात आलं. नवव्या दिवशी चहा ठेवता ठेवता तू गेलीस. चहा उतू जात होता. गॅस मी बंद केला.

आता त्याच मॅडमकडे मी नव्या पेशंटना खुर्ची शिकवतो. सोबत आलेल्या बायकोला, बापालाही विचारतो, "तुमचं किती?" लोक हसतात. मग कुणीतरी खाली बघून खरा आकडा सांगतं.

हा कागद मी कुणालाच दाखवणार नाही, ताईलाही नाही. राखीला ती येते, तुझ्या फोटोला हार घालते आणि म्हणते, "आईला कसलाच त्रास नव्हता रं, एकाएकी गेली."

मी म्हणतो, "व्हय."