जावईबापूंनी रंगवलेली मोटर

चि. जावईबापूंस,

सासूबाईंचे आशीर्वाद. (रागात आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.) तुमची पाठ कशी आहे? लेक मजेत असेलच. माझी तब्येत विचारू नका.

सुट्टीत आलात आणि "आई, किती कळकट दिसते ही!" म्हणत माझ्या होडीची मोटर सगळी खोलून निळी रंगवलीत. मी कौतुकाने चहा देत बसले, ही माझी चूक. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवसापासून बॅटरी उतरायला लागली. फोन केला, तर म्हणालात, बॅटरीच म्हातारी झाली. नवी आणली. तीही आठवड्यात झोपली.

मंगळवारी होडीत नर्सबाई होत्या, मांडीवर लशींची बर्फाची पेटी. पलीकडच्या काठावर वीसेक आया पोरं घेऊन ताटकळलेल्या. ऐन मधोमध पंख्यात शेवाळ अडकलं. मोटर बंद करून ते काढलं, चावी फिरवली, तर नुसतं टक! या वयात दीड तास वल्हं मारलं. दुसरं वल्हं नर्सबाईंनी घेतलं आणि वर मलाच धीर देत राहिल्या. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लशी वाचल्या, माझी अब्रू गेली.

बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली आणि मीटर लावला. मोटर बंद असताना साडेबारा व्होल्ट. मोटर चालू, तरी साडेबाराच! चौदाच्या वर जायला हवेत. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष, तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. फ्यूज ठीक, वायरी ठीक, मोटर फिरताना वीज तयार करणाऱ्या कॉइलमधून वीज येत होती. उरला रेक्टिफायर (कॉइलची वीज बॅटरीला पचेल अशी करून देणारा डबा). तो काढला, तर बुडाखाली तुमचा निळा रंग, चांगले दोन हात! अहो, त्याचं अर्थिंग त्या बुडातूनच होतं! धातूला धातू भिडायला हवा, तिथे तुम्ही रंग फासलात. खरवडला, डबा घट्ट बसवला, मोटर सुरू केली : चौदा पॉइंट दोन. त्या वेळी मी मीटरसमोर तुम्हाला जे बोलले, ते जावयाला लिहिण्यासारखं नाही.

यापुढे माझ्या होडीला हात लावायचा नाही. बसायचं तेसुद्धा विचारून.

तुमची (अजून तरी)
सासूबाई

ता. क. पत्र लेकीला दाखवू नका. ती माझ्याहून जास्त बोलेल.

आणखी ता. क. बिघाड कुणी शोधला, असं धक्क्यावर सगळे विचारत होते. तुमचं हसं होऊ नये म्हणून "जावयांनी फोनवर सांगितलं, मी नुसता पाना फिरवला" असं बोलून गेले. आता दूधवाल्याच्या होडीचं चार्जिंग बंद पडलंय आणि तो जावईसाहेबांसाठीच अडून बसलाय. तेव्हा रविवारी या. इस्त्रीचा शर्ट घाला, गंभीर चेहरा करून उभे राहा. मी एकदा खोकले तर फ्यूज म्हणा, दोनदा खोकले तर रेक्टिफायर.