'पाखाडीतली बाई' हयात असताना तिने केलेली व्यवस्था

मी, श्रीमती गोदावरी यशवंत सुर्वे, वय ६९, निवृत्त शिक्षिका, राहणार जयगड, जि. रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी हयात आहे. हे वेगळे लिहावे लागते, याचे कारण माझा पुतण्या विनीत.

१. विनीतने मोबाईलवर 'पाखाडीतली बाई' हा भुताचा सिनेमा काढला. घर माझे, भूत मीच. सिनेमा अगदीच टाकाऊ नव्हता. भर दुपारी मी पाखाडीच्या दगडी पायरीवर सुके सोडे निवडत बसते आणि मान वर करत नाही, त्या प्रसंगाला रत्नागिरीच्या नाट्यगृहात एकही खुर्ची करकरली नाही. बाकी आनंदीआनंद. रक्त म्हणून कोकमाचे आगळ, त्यावर मुंग्या चढताना दिसतात. नायक घाबरला की पित्त झाल्यासारखा वाटतो. शेवटी मी हवेत उडते तेव्हा कमरेचा दोर लपत नाही.

२. खेळानंतर कोणीतरी विचारले, "ती बाई कोण?" विनीत मंचावरून म्हणाला, "माझी काकू. शूटिंग संपलं आणि गेली बिचारी." सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. मागच्या रांगेत मीही उभी राहिले. शेजारी बिल्किस होती. तिने माझा हात ओढला, "बाई, बसा! तुमच्यासाठीच उभे आहेत ते." बाहेर विनीतला गाठले तर म्हणाला, "काकू, रागावू नको. मेलेल्या बाईचा सिनेमा चालतो." चालला. आता पडद्यावर माझ्या नावाआधी 'कै.' आहे.

३. माझे स्वकष्टार्जित घर माझी शेजारीण बिल्किस अस्लम मुकादम हिला द्यावे. माझे भुताचे तोंड तिनेच रंगवले, आणि बातमी ऐकून सांत्वनाला आलेल्यांना चहा पाजून परतही तिनेच पाठवले. अट एकच: त्या घरात विनीतचा कॅमेरा शिरता कामा नये.

४. बँकेतील ठेव व बांगड्या विनीतची बहीण आरोही हिला. मोबाईल तिच्या हातात होता, नाव विनीतचे लागले. "काकू, काही करू नकोस, नुसती बस," हेही तीच म्हणाली होती. तिने स्वतःचा सिनेमा काढावा.

५. विनीतला काहीही नाही. विसरून नव्हे, आठवून. घर त्यालाच द्यायचे, असे परवापर्यंत माझ्या मनात होते. परवा तो पेढे घेऊन आला. "दुसऱ्या भागातही तूच हवीस. तुझ्यासारखं कोणाला बसता येत नाही." मला बरे वाटले, खोटे कशाला लिहू? विचारले, "मेलेल्या बाईला कसा घेणार?" तो म्हणाला, "तिच्यासारखी दिसणारी एक म्हातारी मिळाली, असं सांगू."
मी पेढे परत दिले.

६. विनीतने या मृत्युपत्रास हरकत घेतल्यास त्याला न्यायालयात माझा मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. त्यावरची तारीख त्याने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावी.

वाचून, समजून, स्वहस्ते सही केली.

गोदावरी यशवंत सुर्वे

आमच्यासमक्ष सही झाली:
रमाकांत बाळकृष्ण घाणेकर
फुजैल इब्राहिम डिंगणकर

जयगड, ११ मार्च २०२५