मोठ्या बाईंचा घास

सोमवार
पोचलो. धाकट्या बहिणीने दारातच ऐकवलं की दादापेक्षा दादाचं पोट आधी आत आलं. जिवाला बरं वाटलं. इथल्या इस्पितळाच्या औषधखान्यात पुड्या भरायचं यंत्र आहे. प्रत्येक पुडीत औषध सारखं पडतं का, हे मी तपासायचं. थोडक्यात, चुका काढायच्या. माणसांच्या काढून हात बसलेलाच आहे. धाकटीचा मुलगा गुंड्या इथेच मुलांच्या वॉर्डात आहे. काळीज अशक्त, गोळी गिळवत नाही, म्हणून त्याचं औषध याच यंत्रातून पुडीने जातं. त्याने विचारलं की मामा, त्यातून चॉकलेटची पूड निघेल का.

मंगळवार
यंत्र देखणं आहे. वरून पूड ओतली की चकतीवर गोल पसरते, मग एक पातं तिचे वाटे करतं. औषधखान्याच्या अक्का त्याला ‘मोठ्या बाई’ म्हणतात. रोज पहिली पुडी नुसत्या साखरेची करून तळाच्या खणात ठेवतात. का, तर मोठ्या बाई आधी जेवतात! मी म्हटलं की अशा बाई आमच्या घराण्यातही होऊन गेल्या. पण घातलेलं नि निघालेलं वजन जुळायला हवं, म्हणून हे लाड बंद करवले. अक्का नुसता खण पुसत राहिल्या.

बुधवार
सगळ्या पुड्या तंतोतंत सारख्या. ‘उत्तम’ असा शेरा मारून सही ठोकली. एकच खोट: घातली त्याहून पूड जास्त निघतेय. काटा बदलला. तरी जास्तच. धाकटी म्हणते, गुंड्या नीट जेवतो, पण सदरा ढगळ होतोय.

गुरुवार
दिवसभराची जास्तीची पूड पाव किलो भरली. वॉर्डातल्या नर्सने सांगितलं की गुंड्या कालपेक्षा पाव किलोने उतरलाय. मी हसलो. मग हसू थांबलं.

शुक्रवार
मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझीच सही मला दाखवली. खणात साखरेच्या पुड्या ठेवल्या, भरपूर. संध्याकाळी तशाच. अक्का हळूच म्हणाल्या की इतके दिवस साखरेवर भागत होतं, आता चव कळली. आणि रडल्या.

शनिवार
गुंड्याचं औषध बाहेरून आणलं. पुडी बंद. तरी उतरतोय — धाकटी विचारते, दादा, तू तपासलंस ना? मी हो म्हणालो. काय म्हणू —

रविवार
वायर काढली. पातं फिरतंय. वरून काहीच घातलेलं नाही, तरी पुड्या —
सगळ्या ओंजळीत घेतल्या. कोमट आहेत. परत गुंड्यात कशा घालायच्या, कुणी —
अक्कांनी वॉर्डातून निरोप आणला. धाकटी विचारतेय, दादा, हा माझ्या मांडीवरच बसलाय ना, मग मांडीला भार का —