सालवडचा माणूस

४ मे, सोमवार
अण्णांचा व्हिसा आला. दुपारपर्यंत सालवडच्या अख्ख्या चाळीला सांगून झालं. "लंडनला चाललोय. पोराकडं नाय, साहेबांच्या घरी!" राहणार पोराकडेच, पण ते दुय्यम. राज्यघटना लिहिणारे आमचे साहेब तिकडे शिकायला होते तेव्हा ज्या घरात राहिले, तिथे आता छोटं म्युझियम आहे. रंगाच्या कंपनीत उभी हयात गेली अण्णांची, ती 'एकदा त्या उंबऱ्याला हात लावीन' म्हणत.
मी मात्र लगेच नितीनला, माझ्या भावाला, मेसेज टाकला: आता तरी सांग त्यांना. वाचला. आणि फोन बंद करून बसला. शहाणा कुठला.

५ मे
लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल. माझ्या भावाने तिकडे आडनाव बदललंय. कांबळेचा सालवडकर झालाय, रीतसर, कागदोपत्री. मला माहीत आहे, अण्णांना नाही. व्हिसाचा फॉर्म मी भरला म्हणून निभावलं.
बोईसरजवळच्या या सालवडला आम्ही भाड्याने राहिलो, मूळ गाव उदगीरकडचं. आणि हा सालवडकर! ऐकलं तेव्हा हसूच आलं. मग कारण सांगितलं त्याने. खोलीवरच्या आपल्याच देशातल्या पोरांनी आडनाव ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी याची भांडी वेगळी.
पण अण्णा! शाळेत मास्तरांपुढे हा पुटपुटला तर म्हणायचे, "हळू काय बोलतो? मोठ्यानं सांग, कांबळे!" आपण बौद्ध असून काकांनी घरात सत्यनारायण घातला, तेव्हापासून सख्ख्या भावाशी शब्द नाही. काका वारले तरी नाही. नितीनशीही बोलणं टाकतील. नक्की टाकतील.

९ मे, शनिवार
अण्णा लंडनला निघाले. बॅगेत शिरगावचे सुके बोंबील कोंबले होते, मी काढले. "अगं, नित्याला आवडतात." "अण्णा, विमानातून खाली उतरवतील तुम्हाला!" विमानतळावर वळूनसुद्धा बघितलं नाही, इतकी घाई.

१२ मे
पोचले. व्हिडिओवर दिसले, स्वेटरवर स्वेटर. मग नितीन बाजूला जाऊन हळू आवाजात बोलला.
म्युझियम गुरुवारी. आधी नाव नोंदवावं लागतं.
"कुठल्या नावाने नोंदवलंस?"
"माझ्याच, ताई. दुसरं कुठलं देऊ?"
"दारात विचारतील ना!"
"मी पुढे होऊन सांभाळतो."
काय डोंबल सांभाळतो. जीव टांगणीला माझा.

१४ मे, गुरुवार
मोबाईल गेटवरच्या पेटीत जमा करूनच आत सोडतात आमच्या औषधाच्या कंपनीत. तिकडे सकाळ तेव्हा माझी शिफ्ट सुरूच. दोन खोक्यांवर लेबलं उलटी लावली. सुपरवायझर, "कांबळे मॅडम, ध्यान किधर है?" ध्यान लंडनला, बाबा, कुठे असणार.
सुटल्यावर फोन घेतला. नितीनचे मिस्ड कॉल्स, मोजलेच नाहीत. आणि अण्णांचा आवाज, रेकॉर्ड करून पाठवलेला. आनंदाने नुसते ओरडत होते.
"सुमे, अगं, हितं सालवडचं कोणतरी आलंय! दारातल्या बाईनं यादी बघून पुकारलं, सालवडकर, दोन माणसं! आमी म्हटलं, आमी नाय ते, आमी कांबळे. पण आपल्या सालवडचा माणूस इतक्या लांब येतो, त्याला सोडून आत कसं जायाचं? येऊ दे त्याला, संगंच जाऊ. पायरीवर बसलोय बघ. नित्या नुसता चला चला करतोय. त्याला काय कळतंय!"
बोईसर स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर उभी राहून पुन्हा ऐकलं. हसायलाच येत होतं. दोघांनाही फोन लावला. उचलत नाहीत.

१५ मे, शुक्रवार
सकाळी नितीनचा फोन. म्युझियम बंद होईपर्यंत बसले अण्णा. आत गेलेच नाहीत. आपल्यासारखा कोणी दिसला की उठून विचारायचे, "सालवडचे का तुमी?" लोक हसून पुढे जायचे. त्या दारातल्या बाईने दोनदा येऊन सांगितलं की आत चला. अण्णा तिला हाताने 'थांब' म्हणायचे.
"सांगितलंस का?"
"तोंडच उघडेना, ताई. शेवटी शेजारी जाऊन बसलो."
"मग?"
"आधी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, मग तुझी थंडी जाईना का रे, म्हणाले आणि त्यांची शाल मला दिली. घरी आल्यावर माझ्या ताटात वाढलं. मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले."
रागावलेत का, विचारलं. त्याला सांगता येईना. अण्णांना फोन दे म्हटलं, तर झोपलेत म्हणाला. तिकडे रात्रच होती म्हणा. डाळ लागली, भात कच्चा राहिला, घरात सगळ्यांवर खेकसले.

१६ मे, शनिवार
अण्णांनी स्वतःहून फोन केला. आवाज नेहमीचाच. पाण्याची टाकी भरली का, माझी कंबर कशी आहे, सगळं विचारून झालं. मला राहवेना.
"अण्णा, तो सालवडचा माणूस भेटला का?"
"भेटला."
हळूच विचारलं, "कसा आहे?"
"बारीक झालाय लई."
पलीकडे नळ चालू होता, नितीन भांडी घासत असणार. भांडी घासणाऱ्या त्या पोराला एकदा कवेत घ्यावंसं वाटलं, आणि एक थोबाडीतही.
"आणि घर? घर बघितलं का?"
"नाय अजून. सोमवारी जाणार. त्याला सांगितलंय, दारात नाव तू सांग. दोघांचं. मी मागं उभा राहतो."
"आणि त्याने सालवडकरच सांगितलं तर, अण्णा?"
खोकले. बराच वेळ खोकले.
"तर त्याला आत जाऊ दे. मी भायेर थांबीन. पर हे त्याला सांगू नको हां, सुमे. त्याचं त्याला ठरवू दे."
बरं म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे आता हेही मीच पोटात ठेवायचं.