चाळणीची किल्ली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, स्वतःच्या कमाईच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी अविवाहित बाई, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वभावही शाबूत आहे. त्याला दाखला लागत नाही, पुढचे वाचले की पुरे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे पुष्कळ झाले, त्यांचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण याआधी मला मरायला सवड नव्हती.

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, यात फक्त मालमत्तेचं लिहायचं असतं. रागलोभ नको." मी म्हटले, "राग हीच माझी सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. ती कोणाच्या नावे करू, ते सांगा." त्यांनी चष्मा पुसला आणि आणखी कोरे कागद दिले.

कलम १. माझ्या दोन्ही खोल्या, त्यांतील सामानासह, माझ्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघराची खिडकी बंद करताना खालून ढकलावी, वरून ओढू नये. तिचे वडील वरून ओढतात आणि मग "ही खिडकीच खराब आहे" असे जाहीर करतात. ते चहाला आले तर यावेत. मुक्कामाला आले तर भाचीने त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम २. बँकेत दवाखान्याचे बिल भागून जे उरेल ते भाचीचे. "आत्याची आठवण" म्हणून त्यातून माझा फोटो मोठा करून भिंतीवर टांगू नये. जिवंतपणी जे माझे तोंड बघायला आले नाहीत त्यांना ते नंतर बघण्याची सोय करण्याचे कारण नाही.

कलम ३. कामाची हत्यारे. खुर्ची भाचीने घ्यावी, तिची पाठ अजून तरुण आहे. कीबोर्डही घ्यावा. त्यावरची अक्षरे पुसली गेल्याने दादाला तो वापरता येणार नाही, हा वरकड लाभ. कपाटाच्या खालच्या खणात कंपन्यांनी पाठवलेले टी-शर्ट आहेत. सगळे पुरुषी मापाचे, कारण असले काम बाई करत असेल हे त्यांच्या डोक्यात शिरलेच नाही. एकावर "आम्ही तुमचे ऋणी आहोत" असे छापले आहे. त्याचे पायपुसणे करावे. मीच केले असते, पण ते कापड पाणीसुद्धा शोषत नाही.

कलम ४. आता मुद्द्याचे. चाळणी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या सख्ख्या भावासाठी, पुन्हा एकदा सांगते. माणसे अर्जात आपले नाव-पत्ता भरताना जो कचरा करतात, नको तिथे जागा सोडतात, दोनदा स्वल्पविराम देतात, पत्त्याच्या रकान्यात फोन नंबर कोंबतात, तो साफ करणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. त्याचे नाव चाळणी. तो खुला ठेवला, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, वापरावा, आतली प्रत्येक ओळ वाचावी, सुधारणा सुचवावी. ती सुधारणा घ्यायची की केराच्या टोपलीत टाकायची हे ठरवणारी मी. आज बँका, दवाखाने, वीज कंपन्या, सगळ्यांच्या कामात कुठेतरी खोल तळाशी चाळणी बसलेली आहे. त्यांच्या साहेबांना ते माहीत नाही. सिंकखालचा पाइप गळेपर्यंत कोणाला माहीत असतो?

गळला की मात्र सगळ्यांना माझा पत्ता सापडतो. "तातडीचे!" "अति तातडीचे!" एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिले, "आपल्यामुळे आमच्या ग्राहकांची गैरसोय झाली असून त्वरित खुलासा करावा." मी खुलासा केला: "मी तुमची नोकर नाही." त्यावर त्याने माझ्यात व्यावसायिकतेचा अभाव असल्याचे कळवले. गरज सरो वैद्य मरो ही जुनी रीत झाली. हल्ली गरज सरायची वाटही कोणी बघत नाही, नाडी धरलेली असतानाच वैद्याला शिव्या घालतात. अशा समस्त मंडळींना मी माझ्या पश्चात काहीही ठेवत नाही, आणि ते त्यांनी समान वाटून घ्यावे.

दादाचे मत वेगळे नाही. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस," हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटले आहे की भाची लहानपणी त्याच्यासोबत सुरात म्हणायची.

चाळणीची नवी आवृत्ती बाहेर सोडायची तर एक किल्ली लागते. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढे यंत्र. ते संगणकाला लावले की ही आवृत्ती माझीच आहे असे जगाला कळते आणि जग ती डोळे मिटून उतरवून घेते. डोळे मिटून, हे ध्यानात ठेवावे. ती किल्ली ज्याच्या हातात, त्याला हजारो कार्यालयांच्या मागच्या दाराने आत शिरता येते. आजवर ती माझ्या बटणांच्या डब्यात होती. आता वकीलबाईंच्या तिजोरीत आहे. का, ते सांगते.

मी आजारी पडले आणि चाळणीच्या चर्चेच्या पानावर एक जण उगवला. मी त्याला मधाळ म्हणते. काय ती भाषा! "आपण केलेल्या कामापुढे नतमस्तक आहे." "आपण विश्रांती घ्या, भार माझ्यावर सोपवा." सुधारणा पाठवायचा त्यासुद्धा कशा, परीटघडीच्या. मागोमाग आणखी दोघे आले, ज्यांना आधी कोणी पाहिले नव्हते, आणि कुरकुरू लागले की बाई म्हाताऱ्या झाल्या, कामे रखडली, मधाळसारख्या उमद्या माणसाला किल्ली का देत नाहीत? एक गोड बोलणार, दोघे ढोसणार. बाजारात बनावट दागिना खपवणारेसुद्धा असेच उभे राहतात. मी त्या तिघांनाही उत्तर दिले नाही.

मग मधाळने दादाला गाठले. माझ्या भावाचा फोन नंबर त्याने कुठून काढला देव जाणे. दादा फळे घेऊन माझ्या उशाशी येऊन बसला, तेव्हाच मला वास आला. दादा फळे आणत नाही.

"अगं, तो तुझा सहकारी काय चांगला माणूस आहे! तुझ्या तब्येतीची रोज चौकशी करतो."

"कोण सहकारी? तू पाहिलंयस त्याला?"

"पाहायला कशाला हवं? बोलण्यावरून माणूस कळतो. मी त्याला सांगून टाकलंय, काळजी करू नका, हिचं काही बरंवाईट झालं तर ती किल्ली मी स्वतः तुमच्याकडे पोचती करीन."

"दादा, ती किल्ली काय तुझ्या स्कूटरची आहे?"

"तुला सगळे चोरच दिसतात. कोणावर विश्वास टाकायला शीक जरा, मरताना तरी!"

आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय. भाची दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने त्याच दिवशी डबा उचलून वकीलबाईंकडे नेला. बटणांसकट नेला, कारण माझी भाची माझ्यावर गेली आहे.

सबब, माझा भाऊ, मधाळ आणि त्याचे दोन ढोसणारे यांपैकी कोणाचाही त्या किल्लीवर कसलाही हक्क राहणार नाही. दादाने दिलेला शब्द हा त्याच्या तोंडचा वारा समजावा.

कलम ५. मग किल्ली कोणाला? ती मी खुसपट्याला देते.

खुसपट्या हा माझा सगळ्यात जुना वैरी. त्याचे खरे नाव मला माहीत नाही, तोंडही पाहिलेले नाही. चाळणीच्या पानावर तो पहिल्यापासून आहे आणि पहिल्यापासून नाकाने कांदे सोलतो. माझे एकही काम त्याने "छान" म्हटलेले नाही. मी बदल केला की याचे प्रश्न तयार. हे असे का, ते तसे का, इथे हे नाव का दिले. मी त्याला जाहीरपणे किरकिऱ्या म्हटले आहे. त्याने मला जाहीरपणे अडेलतट्टू म्हटले आहे. दोन्ही विधाने खरी असून मी ती मागे घेत नाही.

भाचीने विचारले, "आत्या, तुला तो मनातून आवडतो ना?" शी! हा माणूस शेजारी राहायला आला असता तर मी घर बदलले असते.

पण ऐका. चाळणीच्या पोटात एक ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच की आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो रिकामा असू द्यावा आणि नोंद पुढे जाऊ द्यावी. वरवर बघणाऱ्याला ती निरुपयोगी वाटते. आमच्या कामात प्रत्येक गोष्टीची चाचणी लिहितात. बदल केल्यावर चाचणी पास झाली की हिरवी खूण दिसते. या ओळीची चाचणी मी मुद्दाम लिहिली नाही. ओळ काढून टाका, सगळ्या खुणा हिरव्याच राहतात. तिच्याशेजारी मी एवढेच लिहून ठेवले आहे: "काढण्यापूर्वी विचारा."

किल्लीसाठी जिभल्या चाटत जे जे आले, त्या प्रत्येकाने आपण किती बारकाईने काम करतो हे दाखवायला पाठवलेल्या पहिल्याच सुधारणेत ती ओळ काढली. मधाळनेही काढली. वर लिहिले, "थोडी साफसफाई केली आहे." आणि त्याच साफसफाईच्या आडून एक भलीमोठी, कोणाला वाचता न येणारी फाईल आत सरकवली. खुसपट्याने तिथल्या तिथे विचारले, "ही ओळ का काढली? आणि ही फाईल कसली?" मधाळने दोन्हींचे उत्तर दिले नाही. नुसते आभार मानले. ती सुधारणा मी केराच्या टोपलीत टाकली.

खुसपट्याने ती ओळ एकदाही काढली नाही. दर नव्या आवृत्तीला तो न चुकता विचारतो, "ही ओळ कशासाठी आहे?" आणि मी दर वेळी सांगते, "तुम्हाला काय करायचंय?" मागे एकदा मी त्याला किल्ली देऊ केली होती. तो म्हणाला, "मला नको. तुम्ही ओळीचं उत्तर द्या."

तर घे बाबा, उत्तर.

आमच्या आईने बापाचे घर सोडले तेव्हा त्याचे आडनावही तिथेच ठेवून आली. माहेरचे परत घ्यावे, तर माहेराने दार लावून घेतलेले. "मला नावाने हाक मारतात तेवढं पुष्कळ आहे," असे म्हणायची, आणि प्रत्येक अर्जात तो रकाना रिकामा सोडायची. म्हातारपणी तिला दवाखान्यात नेले. रक्त घेतले, तपासण्या केल्या. रिपोर्ट विचारायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "या नावाची नोंदच नाही." त्यांच्या संगणकाने आडनाव नसलेली नोंद कचरा म्हणून फेकून दिली होती. आई समोरच बाकावर बसलेली. तिने विचारले, "मग मी काय हवेत बसलेय का?"

पुन्हा सगळे करायचे म्हणजे उशीर झाला असता, हे दादाचे म्हणणे. म्हणून त्याने तिच्या नावापुढे बापाचे आडनाव घालून काम उरकले. आईने ते नवे कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचले आणि त्याच्या हातात परत दिले. "ही बाई कधीच मेली. माझं कार्ड आण."

ते आले नाही. आई गेली ती त्याच कार्डावर. मृत्यूच्या दाखल्यावरही तेच आडनाव लागले. दादाला मी याबद्दल माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही.

तेरावा दिवस झाला आणि मी चाळणी लिहायला बसले. ती पहिली ओळ. बाकीचे सगळे नंतर, तिच्याभोवती आले. बँकांची सोय व्हावी म्हणून चाळणी नाही, खुसपट्या. त्या बाकावरच्या बाईला कोणी कचरा म्हणू नये म्हणून आहे. आता त्या ओळीची चाचणी तू लिही.

कलम ६. भाचीने करावयाची व्यवस्था. मी गेल्यावर चाळणीच्या पानावर एका वाक्यात कळवावे. सर्वांत आधी मधाळ येईल, गळा काढील आणि तिसऱ्या वाक्यात किल्लीचा विषय काढील. त्याला उत्तर देऊ नये. खुसपट्या उशिरा येईल. तो शोक करणार नाही; ओळीचे उत्तर राहिले, अशी तक्रार करील. त्याला कलम पाच पाठवावे. वाचूनही तो किल्ली मागणार नाही. तेव्हा द्यावी. तिच्यासोबत माझी आणि त्याची सर्व भांडणे, चालू स्थितीत, त्याच्या स्वाधीन करावीत. तो नको म्हणाला तर वकीलबाईंसमोर किल्ली हातोड्याने फोडावी. वाईट हातात जाण्यापेक्षा चाळणी थांबलेली बरी.

हे सर्व मी वाचले, मला समजले, आणि जिथे कडू झाले तिथे मुद्दाम कडू ठेवले.

साक्षीदार पहिले: माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर. मी शुद्धीत असल्याचे त्यांनी पाहिले, शिव्याही ऐकल्या. (सही)

साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे कुलूपवाले. कलम सहामधला हातोडा यांचाच. (सही)

ठिकाण: माझे टेबल. दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर असेल तो.

वकीलबाई म्हणतात, सहीखाली पूर्ण नाव हवे, नाहीतर पुढे कोणीतरी हरकत घेईल. ओळखपत्राची प्रत जोडली आहे, अंगठा उठवला आहे, साक्षीदार समोर बसले आहेत. हरकत घेणाऱ्याने त्यांना विचारावे की मी हवेत बसले होते का.

सही: (केली आहे)

नाव: आईने ठेवलेले, सहीत आहे ते.

आडनाव:

काढण्यापूर्वी नव्हे, भरण्यापूर्वी विचारा. असू द्यावे.