धुळ्याकडची दुर्गा

११ जानेवारी १९९१

आजही परवाना नाही. कचेरीतल्या कारकुनाला परत पहिल्यापासून समजावलं. घरी पडून असलेल्या आजाऱ्याकडे मी शिकवलेल्या बायका पाठवणार. त्या अंग पुसणार, भरवणार, कूस बदलणार. बस्स!

"खाटा किती?"

"खाटा नाहीत. पेशंट आपल्याच घरी असतो."

"म्हणजे दवाखाना नाही. मग दुकान?"

"दुकानही नाही."

शेवटी म्हणाला, "सिस्टर, मजूर पुरवण्यात टाकू या. कारखान्यांना ठेकेदार माणसं देतात, तसंच की!"

सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून मी ठेकेदारीण झाले. घरी सांगितलं तर हे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

कचेरीतल्या साहेबांची वर आणखी एक अट — कोणा प्रतिष्ठित घरचं शिफारसपत्र आणा. म्हणजे आधी काम मिळवा, मग परवाना.

१९ जानेवारी

घर मिळालं! मधुकरराव, सूत कारखान्याचे मॅनेजर. मूळचे रत्नागिरीकडचे. वडिलांची, अण्णांची, उजवी बाजू गेली आहे. वाचाही गेली. सून वैशालीबाई थकून गेल्यात बिचाऱ्या. डोळ्यांखाली काळं झालंय.

मी म्हटलं, दुर्गाला पाठवते, मी शिकवलेल्यांतली सगळ्यात चांगली मुलगी आहे.

"इथली नाही ना?" त्यांनी विचारलं. "म्हणजे… इकडच्या आदिवासींपैकी? घरात वावरणार, पाण्याला हात लावणार, म्हणून आपलं विचारते."

दुर्गा दुधनीची, इथल्याच धरणाकाठच्या गावची. आदिवासीच, वारली जमातीची. आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकली. तिच्या आईला, तानूबाईला, मीच घरी जाऊन गळ घातली होती — मुलगी द्या, माणसात आणते.

आणि आज मी काय बोलले? "छे हो! धुळ्याकडची आहे. पाटील."

किती सहज निघालं तोंडातून!

२० जानेवारी

दुर्गाला सांगितलं. खाली मान घालून ऐकलं तिने. मग विचारलं, "बाई, धुळ्याला नदी कोणती? कोणी विचारलं तर?"

"पांझरा."

"पांझरा, पांझरा," ती पुटपुटत राहिली, शाळेत पाठ करतात तशी. मी उठून आत गेले. उगाचच भांडी लावत बसले.

३ फेब्रुवारी

अण्णांच्या पाठीवरच्या जखमा भरत आल्यात. दुसऱ्या कोणाच्या हातचं ते खात नाहीत. वैशालीबाई म्हणाल्या, "पोरीला वळण चांगलं आहे. घराणं दिसतंच हो!"

मी हसले. हसले!

१७ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको, कळत नाही.

मधुकररावांकडे शिफारसपत्र आणायला गेले होते. ते टेबलाशी लिहीत बसले होते. वैशालीबाईंनी चहा दिला. दुर्गा अण्णांना ओट्यावर उन्हात बसवत होती. तेवढ्यात फाटकाशी एक बाई आली. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर टोपली. तानूबाई! मुलीसाठी धरणातले मासे घेऊन दुधनीहून आली होती. लेक दिसली तशी हसली.

"कोण गं ती?" वैशालीबाईंनी विचारलं.

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी बशीत पाहिलं.

"मासेवाली आहे," दुर्गा म्हणाली.

तानूबाईचं हसू तिथल्या तिथे मिटलं. टोपली खाली ठेवली तिने, आणि उकिडवी बसली. मासेवालीसारखी! वैशालीबाई पुढे झाल्या. हा लहान आहे, तो शिळा वाटतोय, एवढे कसे गं सांगतेस. मुलीसाठी आणलेले मासे, आणि ती माउली भाव करत होती. कमी केला भाव तिने. पैसे कनवटीला लावले. जाताना लेकीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी ओळख दिली नाही.

"मासे नीट करायला येतात ना गं?" वैशालीबाईंनी दुर्गाला विचारलं. ती "हो" म्हणाली आणि विळी घेऊन मागच्या दारी गेली.

पत्र मिळालं. 'अत्यंत विश्वासू संस्था' असं लिहिलंय.

१८ फेब्रुवारी

पत्र कचेरीत दिलं. पावती घेतली, नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

६ मार्च

दुर्गा पहिल्यासारखीच येते-जाते. कामात कसूर नाही. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलते. "औषध संपलं, बाई." "चादरी हव्यात, बाई." त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

राहवेना म्हणून बस धरून दुधनीला गेले. तानूबाई अंगणात जाळं सोडवत बसली होती. मी हात जोडले. रडूच आलं.

ती जाळ्यातून मान वर न काढता म्हणाली, "तुमी कशाला रडता? पोरीची नोकरी हाय ना? मंग झालं."

चहा ठेवते म्हणाली. मी थांबले नाही. परत येताना वाटलं, तिने दिलेला चहासुद्धा मी प्यायले नाही. तिला काय वाटलं असेल?

२२ मार्च

परवाना आला. खरोखरच मजूर पुरवठ्यात! ह्यांनी पेढे आणले. मी एक हातात घेतला, परत डब्यात ठेवला.

२३ मार्च

आज सांगून टाकलं. सरळ वैशालीबाईंच्या समोर बसले आणि म्हटलं — दुर्गा पाटील नाही, धुळ्याची नाही. दुधनीची वारली आहे. त्या दिवशी मासे घेऊन आली ती तिची आई. खोटं मी बोलले, ती नाही.

त्या म्हणाल्या, "देवघरातलं पाणी भरत होती ती आमच्या!" मधुकरराव फक्त म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, सिस्टर." दुर्गा दारात उभी होती. तिला तिथल्या तिथे जायला सांगितलं. ती अण्णांची उशी नीट करून गेली.

वाटेत मी तिला म्हटलं, "काळजी करू नकोस, दुसरं घर बघू." ती स्टँडकडे वळली.

खरं सांगायचं तर आज फार हलकं वाटतंय. कितीतरी दिवसांनी.

पण परवाना हातात पडल्यावरच हिंमत झाली, हेही इथे लिहून ठेवते. दुसरं कोणी वाचणार नाही.

२ एप्रिल

दुर्गा आली होती. बस म्हटलं, बसली नाही. अण्णांनी अन्न सोडलं, म्हणून मधुकरराव स्वतः दुधनीला गेले होते म्हणे. ती उद्यापासून परत जाणार. "माझा कप वेगळा ठेवतील. ते मी बघेन."

मी म्हटलं, "बरं झालं! मी येते बोलायला."

"नको. मी तुमच्याकडून जाणार नाही, बाई. माझी मी जाणार." मग चप्पल घालता घालता म्हणाली, "खोटं सांगितलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. खरं सांगितलंत तेव्हा तरी विचारायचं."